वडप्याच्या गोदामाकडे निघालेला कंटेनर समुद्रात बुडाला, तर तळाशी त्याचं काय होतं?

लोखंड गंजतं, लाकूड पोखरलं जातं, सुती कापड संपतं आणि प्लास्टिक तसंच राहतं. खोल समुद्रातले जीव कशाला हात लावतात, कशाला लावत नाहीत आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, ते सोप्या शब्दांत.

मुंबई-नाशिक महामार्गावरून भिवंडीच्या पुढे निघालं की वडपे लागतं. कंटेनर घेऊन जाणारे ट्रेलर, रस्त्यालगतची पत्र्याची मोठमोठी गोदामं आणि ट्रॅफिक, ही या भागाची ओळख. तुम्ही ऑनलाइन मागवलेला मोबाइल, चपला, मिक्सर किंवा खेळणं तुमच्या दारात येण्याआधी भिवंडी परिसरातल्या एखाद्या गोदामात थांबून आलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. परदेशातून येणारा माल न्हावा शेवा बंदरात उतरतो आणि तिथून रस्त्याने इकडे येतो.

पण बंदरापर्यंत पोहोचण्याआधी हा कंटेनर हजारो किलोमीटर समुद्रातून येतो. वाटेत अरबी समुद्राची खोली ३,००० ते ४,००० मीटरपर्यंत जाते. तिथे एखादा कंटेनर जहाजावरून पडला आणि बुडाला, तर पुढे काय?

‘समुद्र सगळं पोटात घेतो’ असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. समुद्र पोटात घेतो, पण पचवतो मात्र निवडक गोष्टी.

कंटेनर खरंच पडतात का?

पडतात. जगात दरवर्षी सुमारे २५ कोटी कंटेनरची वाहतूक होते. ‘वर्ल्ड शिपिंग कौन्सिल’ या जहाज कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये ६६१, २०२३ मध्ये २२१ आणि २०२४ मध्ये ५७६ कंटेनर समुद्रात पडले. एकूण वाहतुकीच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे. पण पडलेले कंटेनर तळाशी साचत जातात.

आपल्याकडची उदाहरणंही आहेत. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘एमव्ही खलिजिया ३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रावर १,२०० हून जास्त कंटेनर होते. जहाज कलंडलं, अनेक कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं आणि वाहत्या कंटेनरच्या धोक्यामुळे बंदरांतली जहाजांची ये-जा काही दिवस थांबवावी लागली.

अलीकडची घटना २५ मे २०२५ ची. विळिंजमहून कोचीला निघालेलं ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज केरळच्या किनाऱ्यासमोर बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते. जहाजावरचे सगळे २४ जण वाचले. पण त्यानंतर तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर साबुदाण्यासारखे पांढरे प्लास्टिकचे दाणे येऊन पडायला लागले. हे दाणे म्हणजे प्लास्टिकच्या वस्तू बनवायचा कच्चा माल. केरळ सरकारने या घटनेला राज्य आपत्ती जाहीर केलं.

हे दोन्ही अपघात उथळ पाण्यातले. मुंबईसमोर तर समुद्राचा उथळ भाग किनाऱ्यापासून जवळपास ३०० किलोमीटर आत जातो. त्यापुढे तळ एकदम खाली उतरतो आणि खरा खोल समुद्र सुरू होतो. तिथले नियम वेगळे आहेत.

तळाशी वातावरण कसं असतं?

साधारण २०० मीटरनंतर सूर्यप्रकाश जवळपास संपतो आणि १,००० मीटरखाली कायमचा काळोख असतो. दर १० मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाइतका वाढतो. म्हणजे ३,८०० मीटरवर, जिथे टायटॅनिक पडलं आहे, तिथे दाब किनाऱ्यावरच्या सुमारे ३८० पट असतो. पाण्याचं तापमान २ ते ४ अंश. थोडक्यात, अंधारा आणि प्रचंड दाबाचा फ्रीज.

या फ्रीजची ताकद शास्त्रज्ञांना एका अपघातानेच कळली. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी ‘अल्विन’ ही अमेरिकेची छोटी संशोधन पाणबुडी समुद्रात उतरवताना पोलादी दोर तुटले आणि ती बुडाली. आतले लोक वाचले, पण त्यांचा जेवणाचा डबा आत राहिला. सुमारे १० महिन्यांनी १,५०० मीटरहून जास्त खोलीवरून पाणबुडी वर काढली तेव्हा आतली सँडविच, सफरचंदं आणि थर्मासमधलं सूप भिजलेलं असलं तरी फारसं खराब झालेलं नव्हतं. वर आणून फ्रीजमध्ये ठेवल्यावर मात्र ते काही आठवड्यांतच नासलं.

त्यानंतर मुद्दाम प्रयोग केले गेले आणि एक गोष्ट स्पष्ट झाली. थंडी आणि दाबामुळे खोल समुद्रात जीवाणूंचं काम फार संथ चालतं. त्यामुळे ‘तळाशी गेलं की कुजून जाईल’ हा अंदाज चुकीचा ठरतो. कोणती वस्तू किती टिकेल, हे ती कशाची बनली आहे आणि ती खाणारा जीव तिथे आहे की नाही यावर ठरतं.

आता आपला कंटेनर उघडू आणि एकेक वस्तू पाहू.

लोखंड: गंजाचे सुळके आणि जीवाणूंची वसाहत

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, हे शाळेत शिकवलेलं असतं. मग जिथे ऑक्सिजन कमी आहे तिथे लोखंड सुरक्षित असायला हवं. पण तिथे दुसरेच कामगार हजर असतात.

हे जीवाणू श्वास घ्यायला ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू सोडतात. ठाण्याच्या किंवा कशेळीच्या खाडीजवळून जाताना ओहोटीच्या वेळी चिखलाचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो याच वायूचा. खारफुटीच्या काळ्या चिखलात हेच जीवाणू काम करत असतात. लोखंडावर ते थर करून बसले की हा वायू लोखंडाशी संयोग पावतो, काळा थर तयार होतो आणि धातूला बारीक खड्डे पडायला लागतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे टायटॅनिक. १५ एप्रिल १९१२ ला बुडालेलं हे जहाज १ सप्टेंबर १९८५ रोजी सापडलं. त्याच्या अंगावरून गंजाचे लांबलचक सुळके लोंबताना दिसले. हे नुसते गंजाचे थर नाहीत. आतून ते सच्छिद्र असतात, त्यांत पाण्याच्या वाटा असतात आणि अनेक प्रकारचे जीवाणू एकत्र राहतात. १९९१ मध्ये वर आणलेल्या अशाच एका सुळक्यातून संशोधकांना एक नवा जीवाणू मिळाला. २०१० मध्ये त्याला ‘हॅलोमोनास टायटॅनिकी’ असं नाव देण्यात आलं. तो पोलादाला चिकटतो आणि गंज वाढवायला हातभार लावतो.

टायटॅनिक हळूहळू खचत आहे. जहाजाच्या पुढच्या टोकाचा तो प्रसिद्ध कठडा आठवत असेल. २०२४ च्या मोहिमेत त्याचा सुमारे साडेचार मीटरचा तुकडा तुटून तळाशी पडलेला दिसला.

मग कंटेनरचं काय? तो साध्या लोखंडाचा नसतो. गंजाला तोंड देणारं खास पोलाद आणि त्यावर गंजरोधक रंगाचे थर असतात. त्यामुळे तो बराच टिकतो. किती, त्याचं प्रत्यक्ष उदाहरण पुढे येईल.

लाकूड: समुद्रातली वाळवी

कंटेनरची जमीन बहुतेक वेळा जाड प्लायवूडची असते. माल लाकडी पॅलेटवर ठेवलेला असतो. म्हणजे आत लाकूड भरपूर.

लाकडाचा समुद्रातला मोठा शत्रू म्हणजे जहाजकिडा. दिसायला तो लांब, मऊ, पांढरट अळीसारखा. पण तो किडा नाहीच. तो शिंपल्यांच्या, म्हणजे तिसऱ्या आणि कालवांच्या नात्यातला आहे. त्याचे दोन शिंपले अगदी छोटे होऊन डोक्याशी आले आहेत आणि त्यांचा वापर तो कानशीसारखा करतो. पाण्यात तरंगणारं त्याचं सूक्ष्म पिल्लू लाकडावर बसतं, टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरतं आणि आतल्या आत बोगदा खोदत वाढतं. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आतून तिची चाळण झालेली असते.

लाकूड पचवणं सोपं नाही. त्यासाठी जहाजकिड्याच्या कल्ल्यांमध्ये राहणारे जीवाणू मदत करतात. लाकडातलं सेल्युलोज तोडणारी विकरं हेच जीवाणू तयार करतात. गुरांच्या पोटातले जीवाणू कडबा पचवायला मदत करतात, तसाच हा प्रकार.

हा जीव बोगदा खोदताना मागे चुन्याचं अस्तर लावत जातो, म्हणजे बोगदा ढासळत नाही. मार्क ब्रुनेल या अभियंत्याला लंडनच्या थेम्स नदीखाली बोगदा खोदायची पद्धत यावरूनच सुचली, असं सांगितलं जातं. आज मुंबईत मेट्रोचे बोगदे खोदणारी यंत्रं त्याच कल्पनेची पुढची पायरी आहेत.

जहाजकिडा मुख्यतः उथळ आणि खाडीच्या पाण्यातला. खोल समुद्रात त्याचे चुलतभाऊ राहतात. ‘झायलोफॅगा’ हे त्यांचं नाव, अर्थ सरळ ‘लाकूड खाणारा’. अमेरिकी संशोधक रूथ टर्नर यांनी १,८३० मीटर खोलीवर लाकडाच्या फळ्या ठेवल्या होत्या. १०४ दिवसांनी त्या पाहिल्या तेव्हा पार पोखरलेल्या होत्या. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. सँडविच १० महिने टिकलं आणि लाकूड साडेतीन महिन्यांत गेलं!

कारण सोपं आहे. सँडविच पाणबुडीच्या आत होतं, तिथे जीवाणूंशिवाय कोणी पोहोचलं नाही. लाकडापर्यंत मात्र ते कोरणारे प्राणी पोहोचले. ते लाकडाचा भुगा करतात, त्यांच्या विष्ठेवर जीवाणू वाढतात, त्यावर इतर छोटे जीव जगतात. नदीतून वाहत येऊन बुडालेल्या एका ओंडक्याभोवती तळाशी अख्खं गाव वसतं.

पण खाणारा नसेल तर लाकूडही टिकतं. शॅकल्टन यांचं ‘एन्ड्युरन्स’ हे लाकडी जहाज १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळ बुडालं. ५ मार्च २०२२ रोजी ते ३,००८ मीटर खोलीवर सापडलं तेव्हा त्यावरची नावाची अक्षरंसुद्धा स्पष्ट वाचता येत होती. अंटार्क्टिकावर लाखो वर्षं झाडंच नाहीत. त्यामुळे तिथल्या समुद्रात लाकूड जात नाही आणि लाकूड खाणारे प्राणीही फिरकले नाहीत.

अरबी समुद्राची गोष्ट आणखी वेगळी आहे. इथे साधारण १५० ते १,२०० मीटरच्या दरम्यान ऑक्सिजन अत्यंत कमी असलेला पाण्याचा जाड थर आहे. जगातल्या सगळ्यात तीव्र अशा थरांमध्ये त्याची गणना होते. या पट्ट्यात बऱ्याच प्राण्यांना जगणं कठीण जातं. त्याखाली ऑक्सिजन पुन्हा वाढतो. म्हणजे एकाच समुद्रात, वेगवेगळ्या खोलीवर, त्याच फळीचं नशीब वेगळं असू शकतं.

भिवंडीच्या खाडीत हा प्रश्न जुनाच

आज भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं आठवतात. पण एकेकाळी हे खाडीवरचं बंदर होतं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी याच खाडीत जहाजबांधणी सुरू केली. मराठा आरमाराची सुरुवात इथली.

लाकडी जहाज म्हटलं की जहाजकिड्याशी गाठ आलीच. कोकण किनाऱ्यावर त्यावर अनेक उपाय होते. एक म्हणजे सागवान. सागाच्या लाकडातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे ते इतर लाकडांपेक्षा जास्त टिकतं. दुसरा उपाय म्हणजे पाण्याखालच्या भागाला चुना, राळ आणि माशाचं तेल किंवा चरबी यांचा लेप. तिसरा, पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणं. लाकूड वाळलं की आतला जीव मरतो.

पुढे जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकायची पद्धत आली. तांबं समुद्री जीवांना विषारी असतं, त्यामुळे ते त्यावर बसत नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेलं ‘एचएमएस त्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे.

टायटॅनिकवरही हाच फरक दिसला. पाइनच्या फळ्यांचा डेक बहुतेक फस्त झाला, सागवानाचे भाग मात्र टिकून राहिले.

जिथे असं संरक्षण नव्हतं, तिथे काय उरतं ते गोव्यात दिसतं. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्याच्या किनाऱ्यासमोर सुंची रीफ इथे सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, तोफेची नळी मिळाली. सेंट जॉर्जेस रीफ इथे ‘बासेल मिशन’च्या कारखान्याचा १८६५ सालचा शिक्का असलेली कौलं मिळाली. पण जहाजांचं लाकूड? उष्ण, उथळ पाणी, लाटांचा मारा आणि पोखरणारे जीव यांच्यापुढे ते टिकलं नाही. कौलं उरली, कौलं आणणारं जहाज गेलं.

कापड: सुती गेलं, पॉलिस्टर राहिलं

भिवंडीच्या वाचकाला हा भाग जवळचा वाटेल. समजा कंटेनरमध्ये दोन तागे आहेत, एक सुती आणि एक पॉलिस्टरचा.

सूत म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. समुद्रातले जीवाणू त्याला ओळखतात, कारण झाडांचे आणि शेवाळाचे अवशेष ते कोट्यवधी वर्षं खात आले आहेत. पॉलिस्टर जेमतेम शंभर वर्षांपूर्वी जगात नव्हतंच. ते कसं तोडायचं हे बहुतेक जीवाणूंना माहीत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर याची चाचणी झाली. समुद्रात ठेवलेलं सेल्युलोजचं कापड साधारण महिनाभरात विघटित झालं. ४२८ दिवसांनीही प्लास्टिकच्या धाग्यांचं कापड जवळपास जसंच्या तसं होतं. त्यात ‘पीएलए’ नावाचं, विघटनशील म्हणून विकलं जाणारं प्लास्टिकही होतं. २०२३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाचणी किनाऱ्याजवळच्या पाण्यातली होती. खोल समुद्रात सुती कापडालाही जास्त वेळ लागेल, पण दोघांमधला फरक तोच राहील.

हाड आणि चामडं

खोल समुद्रात हाडं खाणारा किडाही आहे. ‘ओसेडॅक्स’ हे त्याचं नाव. २००२ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ जवळपास २,९०० मीटर खोलीवर पडलेल्या देवमाशाच्या सांगाड्यावर तो पहिल्यांदा दिसला. त्याला तोंड नाही, पोट नाही. झाडासारखी मुळं तो हाडात रुजवतो, आम्ल सोडून हाड विरघळवतो आणि मुळांमधल्या जीवाणूंच्या मदतीने पोषण मिळवतो. अंटार्क्टिकात शास्त्रज्ञांनी लाकूड आणि देवमाशाची हाडं एकत्र तळाशी ठेवून पाहिली. १४ महिन्यांनी हाडांवर या किड्यांचं रान माजलं होतं, लाकूड मात्र अगदी ताजं होतं.

याउलट कमावलेलं चामडं टिकतं. टायटॅनिकच्या आसपास बुटांच्या जोड्या आजही पडलेल्या दिसतात. चामडं कमावताना वापरलेल्या टॅनिनमुळे जीवाणू त्याच्या वाटेला जात नाहीत.

प्लास्टिक: खाणारा अजून जन्मला नाही?

अगदी तसंच नाही, पण जवळपास.

जमिनीवर प्लास्टिक ठिसूळ होतं ते मुख्यतः उन्हामुळे. खोल समुद्रात ऊन नाही, उष्णता नाही, लाटांचा मारा नाही. म्हणजे प्लास्टिक मोडणाऱ्या तिन्ही गोष्टी गैरहजर. मरियाना गर्तेत सुमारे १०,९०० मीटर खोलीवर १९९८ मध्ये एका प्लास्टिकच्या पिशवीचं चित्रण झालं होतं. जपानच्या संशोधन संस्थेच्या संग्रहातली ही नोंद २०१८ मध्ये जगासमोर आली.

प्लास्टिकवर जीवाणू बसतात, वसाहतही करतात. पण बहुतेक वेळा ते त्याला घर म्हणून वापरतात, अन्न म्हणून नाही. उलट, शेवाळ आणि छोटे जीव चिकटून तरंगणारे प्लास्टिकचे कण जड होतात आणि खाली बुडतात.

एक आशेची बातमी आहे. जीवाणूंनीच तयार केलेल्या ‘पीएचए’ गटातल्या प्लास्टिकचे नमुने जपानी संशोधकांनी ७५७ ते ५,५५२ मीटर खोलीवर ठेवले. तिथल्या जीवाणूंनी ते हळूहळू विघटित केले. ‘पीएलए’ला मात्र तिथेही कोणी हात लावला नाही. २०२४ मध्ये हे निष्कर्ष आले. म्हणून पाकिटावर ‘विघटनशील’ असा शब्द दिसला, तर कुठे विघटनशील, हा प्रश्न विचारायला हवा. कंपोस्ट कारखान्याच्या उष्णतेत विघटित होणारी वस्तू समुद्राच्या तळाशीही होईल असं नाही.

गंमत म्हणजे प्लास्टिकचा हाच हट्टीपणा आपल्या कामाला येतो. १८७० मध्ये मुंबई आणि एडनदरम्यान समुद्राखालून तारेची केबल टाकली गेली. त्या काळी केबलच्या आवरणाला ‘गटापर्चा’ नावाचा झाडाचा चीक वापरत आणि समुद्रातले पोखरणारे जीव केबलना त्रास देत. म्हणून पुढे पितळेची पट्टी गुंडाळायची पद्धत निघाली. आजच्या इंटरनेट केबलना पॉलिथिनचं आवरण असतं. मुंबईत वर्सोव्याला अशा केबल किनाऱ्यावर येतात. तुम्ही परदेशातला रील पाहता तेव्हा त्याचा डेटा बहुधा अशाच केबलमधून आलेला असतो. तिला कोणी खात नाही, म्हणून ती टिकते.

खरोखर बुडालेल्या कंटेनरचं काय झालं?

फेब्रुवारी २००४ मध्ये ‘मेड तैपेई’ या जहाजावरून कॅलिफोर्नियाजवळ वादळात काही कंटेनर पडले. त्यांतला एक त्याच वर्षी जूनमध्ये योगायोगाने १,२८१ मीटर खोलीवर सापडला. आत १,१५९ टायर होते. २०११ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी, मॉन्टेरी बे ॲक्वेरियमच्या संशोधन संस्थेने तिथे खास मोहीम काढली.

काय दिसलं? कंटेनर जवळपास अखंड होता, गंज फारसा नव्हता. थंड आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तो शेकडो वर्षं टिकू शकेल, असा अंदाज बांधला गेला. त्यावर शिंपले, गोगलगायी आणि नळ्यांत राहणारे किडे वस्तीला आले होते. मऊ चिखलाच्या मैदानात अचानक एक टणक बेट मिळालं होतं. पण आसपासच्या नैसर्गिक खडकांवर दिसणारे स्पंज आणि प्रवाळ त्यावर फारसे नव्हते. कंटेनरचा रंग काही जीवांना विषारी ठरत असावा, ही त्यामागची एक शक्यता. कंटेनरच्या आजूबाजूच्या चिखलातले जीवही बदललेले आढळले.

टायर मात्र आतच आहेत.

मग आपला कंटेनर किती टिकेल?

सगळं एकत्र मांडलं तर खोल अरबी समुद्रात साधारण असं चित्र दिसेल:

• अन्नपदार्थ: प्राणी आत शिरू शकले तर लवकर संपतील. बंद राहिले तर बरेच दिवस टिकतील.
• पॅलेट आणि प्लायवूड: पोखरणारे जीव पोहोचले तर काही महिने ते काही वर्षं.
• सुती कापड: हळूहळू, पण नक्की संपेल.
• कंटेनरचं पोलाद: अनेक दशकं, कदाचित शेकडो वर्षं.
• काच आणि चिनी माती: शतकानुशतकं.
• पॉलिस्टर, प्लास्टिकचे दाणे, टायर: आज समुद्रात हे वेगाने संपवणारा कोणीही नाही.

धोका इथेच आहे. पेटी आधी जाते, माल मागे राहतो. पोलाद एक दिवस फुटणार आणि आतलं प्लास्टिक किंवा रसायन तेव्हा बाहेर येणार. त्या वेळी तो कंटेनर कोणाचा होता आणि त्यात काय होतं, हे सांगणारा कोणी नसेल. म्हणून नोंद महत्त्वाची. १ जानेवारी २०२६ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार समुद्रात पडलेल्या किंवा वाहत असलेल्या कंटेनरची माहिती तातडीने कळवणं जहाजाच्या कप्तानांवर बंधनकारक झालं आहे.

या विषयावरचं काम ठाणे जिल्ह्यातही चालतं. अंबरनाथला संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. गंज कसा रोखायचा, जहाजांना चिकटणारे जीव कसे दूर ठेवायचे, त्यासाठी कोणते रंग वापरायचे, हे तिथले विषय. चुना आणि माशाच्या तेलाच्या लेपापासून सुरू झालेला प्रवास इथवर आला आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टायटॅनिक कधी नाहीसं होईल?
याचे अंदाज खूप वेगवेगळे आहेत. पातळ पत्रे आणि कठडे आधी जातील. जाड पोलादाचे भाग आणि काशाचे पंखे बराच काळ राहतील. एका ठरावीक तारखेचा दावा करणाऱ्या पोस्टवर विश्वास ठेवू नका.

प्लास्टिक खाणारा जीवाणू सापडला आहे ना? तो समुद्रात सोडला तर?
२०१६ मध्ये जपानी संशोधकांनी बाटल्यांचं ‘पेट’ प्लास्टिक खाणाऱ्या जीवाणूची माहिती दिली होती. पण तो जमिनीवर, पुनर्वापर केंद्राजवळ सापडला आणि साधारण ३० अंश तापमानात काम करतो. समुद्रतळाशी २ ते ४ अंश असतात. शिवाय तो एकाच प्रकारचं प्लास्टिक खातो.

जहाजकिडा माणसाला त्रास देतो का?
नाही. फिलिपिन्समध्ये तर लोक तो आवडीने खातात. ब्रिटनमध्ये त्याची अन्नासाठी शेती करायचे प्रयोगही झाले आहेत.

मग कचरा खोल समुद्रात टाकला तर बिघडलं कुठे?
जहाजांवरून समुद्रात प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १९८८ च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे. आणि वर पाहिलंच, खोल समुद्र हा कचरा संपवणारी जागा नाही. तो अंधारात, थंडीत, जपून ठेवणारी जागा आहे. वडप्याच्या गोदामातला माल कधी ना कधी बाहेर निघतो. समुद्रतळाच्या गोदामात गेलेलं प्लास्टिक मात्र तिथेच पडून राहतं.